बालीत आखाड लागते काय?

मनोज निंभोरकरने आयुष्यात एकच निर्णय स्वतःच्या डोक्याने घेतला, आणि तो घेताना भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं राहिलं. बाकी त्याचे सगळे निर्णय घरच्यांनी घेतले होते. शाळा आईने निवडली, नांदगाव पेठेतल्या कापड कंपनीत डिस्पॅचची नोकरी मामाने लावून दिली, आणि अकोल्याची करिश्मा त्याच्या आत्याने, मूर्तिजापूरच्या पार्बताबाईंनी, एका बारशात हेरली. (त्या बारशाला मनोजही होता. पण तो जेवत होता.) तेव्हा हनिमूनला कुठे जायचं एवढं तरी आपण ठरवावं, असं त्याला वाटलं. यात त्याचं काही चुकलं असं कोणी म्हणणार नाही. चुकलं ते पुढे.

लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात अकोल्याला लागलं. मे महिन्यात अकोल्यात लग्न करणाऱ्याला सरकारने शौर्यपदक द्यायला हवं. अक्षता पडेपर्यंत मनोजच्या फेट्यावर दोनदा पाणी शिंपडावं लागलं, आणि भटजी मंगलाष्टकं म्हणत होते की पाणी मागत होते, हे कोणालाच नीट कळलं नाही. वरात अमरावतीला आली, आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. निंभोरकरांच्या घरात कूलर एकच, आणि तो हॉलमध्ये. नव्या जोडप्याची खोली मागे, पत्र्याखाली. तिथे भाकरी नुसती ठेवली तरी भाजून निघेल. तेव्हा वऱ्हाडातल्या कुठल्याही घराप्रमाणे सगळं घर रात्री कूलरसमोर एका ओळीत झोपायचं.

पहिला मान केशवरावांचा, म्हणजे मनोजच्या वडिलांचा. मग पार्बताबाई, मग मनोजची आई माणिकबाई, मग करिश्मा, मग लग्नाला येऊन अजून न गेलेले पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी, चपलांच्या शेजारी, नवरदेव. एकदा सगळे घोरतायत असं पाहून मनोजने मान उंच करून हळूच विचारलं, "झोप नाई येऊन राहिली काय?"

"नाई ना बाप्पा," कूलरजवळून केशवराव म्हणाले, "डास लय चावून राहिले."

त्यानंतर मनोजने रात्री बायकोशी बोलायचा नाद सोडला. दिवसा तो कंपनीत, ती स्वयंपाकघरात सासूजवळ. आपली बायको कशी आहे, तिला काय आवडतं, ती हसते तेव्हा कशाला हसते, हे त्याला काहीच माहीत नव्हतं. एकांत पाहिजे होता. तोही लांबचा, आणि तिथे समुद्र पाहिजे होता, कारण समुद्र दोघांनीही कधी पाहिला नव्हता.

पण लग्नाला दोन आठवडे होत नाहीत तोच धोंड्याचा महिना लागला. धोंडा म्हणजे पंचांगात अडीच-तीन वर्षांतून एकदा शिरणारा जास्तीचा महिना, आणि त्यात जावयाचा मान मोठा. अकोल्याला ज्योत्स्नाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घातले, चांदीच्या वाटीत अनारसे दिले. मनोजने संकोच न करता सगळं खाल्लं. महिना गोड होता एवढं त्याच्या ध्यानात राहिलं. तो वर्षात जास्तीचा होता, हे राहिलं नाही. वाचकांनी मात्र ते ध्यानात ठेवावं, कारण पुढचा सगळा घोळ त्या पुरणातून निघतो.

जूनमध्ये शाळांच्या गणवेशाचं कापड गाड्यांवर चढवता चढवता कंपनीत कोणालाच श्वास घ्यायला फुरसत नव्हती. रजा मिळाली ती एकदम जुलैअखेरची, भर पावसाळ्यातली. माणिकबाईंनी तोडगा सांगितला, "चिखलदऱ्याले जा. आपल्या ओयखीचे हायत तिथं, उतराची सोय होईन." ओळखीच्यांकडे हनिमून करायचा, या कल्पनेनेच मनोजला घाम फुटला, आणि तो थेट शाकीबच्या दुकानात गेला.

शाकीब त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे वडील वाहेदभाई संत्र्याचे व्यापारी. शेंदूरजनाघाटच्या बागा झाडावरच्या मालासकट घ्यायचे आणि पेट्या भरभरून बाहेर धाडायचे. शाकीबने संत्री सोडून माणसं सहलीला बाहेर धाडायचा, ट्रॅव्हल्सचा धंदा धरला होता, पण बोलणं फळबाजारातलंच राहिलं होतं. माल दाखवताना वरचा थर दाखवायचा, हे तो विसरला नव्हता.

"मले पाऊस नाई पाहिजे," मनोजने अट सांगितली. "समुद्र पाहिजे, पन पाऊस नाई. गोवा?"

"जुलैमधी? समुद्रात उतरू देत नाई भाई. खोलीत बसून भजे खाशीन."

"केरळ?"

"अबे, पाऊस निंगतेच तिथून. त्याले भेटायले त्याच्या घरी चालला काय?"

"अंदमान?"

"बोटी बंद राह्यतेत. एका बेटावर बसून दुसरं बेट पाहशीन." मग शाकीबने आजूबाजूला पाहिलं, आणि पेटीतलं राखून ठेवलेलं चांगलं फळ काढावं तसा मोबाइल पुढे केला. "हे पाह. बाली. जमिनीच्या मधातली रेघ हाय ना, तिच्या खाली. आपल्याकडं पावसाया, तं तिथं सुक्का मौसम. जुलैमधी एक थेंब पडला तं नाव बदलून टाकीन."

बाली! मनोजच्या डोळ्यांपुढे निळं पाणी, पांढरी वाळू आणि पंखा नसलेली खोली उभी राहिली. (एसीवाली.) पण तो अगदीच अडाणी नव्हता. आखाडाचं त्याला भान होतं.

आखाड म्हणजे आषाढ. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नवी सून माहेरी जाते. त्या महिन्यात सासूने सुनेचं तोंड पाहायचं नाही, जावयाने सासूचं पाहायचं नाही, आणि नवरा-बायकोने एका छपराखाली राहायचं नाही, अशी निंभोरकरांच्या घरची रीत. मनोजने डोकं चालवलं. गेल्या वर्षी चुलत बहीण आरतीचं पहिलं आखाड होतं, आणि जुलैचा शेवटचा आठवडा लागेपर्यंत ती सासरी परतलीही होती. म्हणजे आपण जाऊ तेव्हा आखाड संपून श्रावण लागलेला असणार. इतका बारीक विचार आपण केला याचं त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि त्या भरात त्याने परत न होणारी तिकिटं काढली. पासपोर्ट दोघांचेही होते. त्याचा दुबईच्या नोकरीच्या स्वप्नासाठी काढलेला, तिचा मस्कतच्या मावशीकडे जाण्यासाठी काढलेला, ते जाणं राहूनच गेलं. घरी कोणालाच काही सांगितलं नाही. ऐन वेळी सगळ्यांना चकित करायचं होतं.

सगळे चकित झाले, पण आधी मनोज झाला. जुलैच्या मध्यावर एका संध्याकाळी तो घरी आला, तर करिश्मा बॅग भरत होती.

"तुले कसं समजलं?" त्याने आनंदाने विचारलं.

"काय समजलं? आखाड लागून राहिलं ना. उद्या दादा येते न्यायले."

"आखाड? थे तं संपाले आलं ना!"

"बयताडा," स्वयंपाकघरातून माणिकबाई म्हणाल्या. त्या तळणीत कापण्या सोडत होत्या. आखाडाचं तळण सुनेबरोबर द्यायचं होतं. "यंदा धोंडा आल्ता ना? समदं एक महिना पुढं सरकलं. सासरी जाऊन धोंडे चापले, तवा नाई समजलं काय?"

मनोज भिंतीला टेकला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात हे त्याने ऐकलं होतं. आपण तो पुरण भरून, वर तूप घालून खाल्ला होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने बालीचं सगळं सांगून टाकलं. तिकिटं परत होत नाहीत हेही सांगितलं.

"आई," शेवटी तो म्हणाला, "बालीत आखाड लागते काय?"

"आखाड काय घराले लागते का? थे आभायात असते. आभाय नाई काय तिकडं?"

मनोजने आशेने हॉलमध्ये बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. केशवरावांची मोर्शीजवळ संत्र्याची बाग, आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्यांना बागेत सापडायचं. "हे पाह मनोज," ते शांतपणे म्हणाले, "मिरगाचा बहार घ्याचा असला तं उन्हायात झाडाचं पानी तोडा लागते. ताण द्या लागते. झाड पार सुकल्यावानी दिसते, पन मंग पानी भेटलं का फुलानं लदबदून जाते. ताण देल्याशिवाय बहार येत नाई. राहा महिनाभर."

दुसऱ्या दिवशी भाऊ आला आणि करिश्मा निघाली. फाटकापाशी मनोजच्या हातून बॅग घेताना ती खाली बघूनच हळू म्हणाली, "समुद्र हाय तिथं?"

"हाय."

"मंग काईतरी युक्ती काढा ना."

एवढं बोलून ती गाडीत बसली. दोघांचं कूलरशिवाय झालेलं हे पहिलंच संभाषण. मनोजला ती त्या क्षणी फार म्हणजे फार आवडली. लग्न होऊन दोन महिने उलटले होते, आणि बायको आवडायला त्याला आज सवड मिळाली होती.

युक्ती मात्र त्याला सुचेना. ती शेवटी करिश्मालाच सुचली, फोनवर. "पयून जाऊ," ती म्हणाली.

"कोनासंगं?"

"तुमच्यासंगं! आनखी कोनासंगं?"

मनोजने भीत भीत होकार दिला, आणि स्वतःच्याच लग्नाच्या बायकोला पळवून न्यायची तयारी सुरू केली. त्याने घरी सांगितलं, सुरतला कंपनीचं ट्रेनिंग आहे. करिश्माने सांगितलं, मैत्रीण सीमाची मुंबईला परीक्षा आहे, तिच्यासोबत जाते. मुंबईची दुपारची गाडी ठरली. तो बडनेऱ्याला चढणार, ती अकोल्याला, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान. शाकीबने आपल्या मोटारसायकलवर त्याला बडनेऱ्याला सोडलं. "घाबरू नको," तो म्हणाला, "कानून तुयाच बाजूनं हाय. निकाह झाला तुया."

कायदा बाजूने होता, पण मूर्तिजापूर वाटेत होतं. गाडी तिथे थांबली, आणि डब्यात आधी एक पिशवी आली, मग दुसरी पिशवी आली, आणि मग पार्बताबाई आल्या.

"काय गा मनोज! तू कुठी?"

"सु... सुरतले. ट्रेनिंग हाय आत्या. भुसावळले गाडी बदलतो."

"बरं झालं बाई, सोबत झाली. मी शेगावले चालली, महाराजाच्या दर्शनाले." आणि त्या त्याच्याच बाकावर खिडकीपाशी बसल्या. त्यांच्याकडे साध्या डब्याचं तिकीट होतं, पण शेगावला जाणाऱ्या माणसाला टीसी उठवत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. मनोजने बाथरूममध्ये जाऊन करिश्माला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. ती सीमाच्या स्कूटीवर स्टेशनकडे निघाली होती, आणि फोन पर्समध्ये तळाशी होता.

अकोला आलं. आमच्याकडे पोरी स्कूटीवर बसताना तोंडाला स्कार्फ बांधतात. दोन डोळे सोडले तर सख्ख्या आईलाही ओळख पटायची नाही. करिश्माने आज तो जास्तच घट्ट बांधला होता, कारण अकोला स्टेशनवर दर तिसरा माणूस तिच्या आईच्या ओळखीचा. ती डब्यात चढली, मनोजला पाहिलं, पलीकडे पदर डोक्यावर घेऊन बसलेली म्हातारी काही तिने निरखून पाहिली नाही, आणि सरळ येऊन त्याच्या शेजारी बसली.

"मले वाटलं, भेलेच तुमी," ती म्हणाली, आणि डबा उघडून त्याच्या हातात पुरी ठेवली. "खाऊन घ्या."

पार्बताबाईंची मान हळूहळू वळली. मनोजने पुरी धरलेल्या हाताने करिश्माला खूण केली. तिने पाहिलं, आत्याबाईंना ओळखलं, आणि पुरीचा डबा पटकन बंद केला.

"हे कोन?" पार्बताबाईंनी विचारलं.

"ह्या... आमच्या हापिसातल्या." याहून वाईट उत्तर जगात नव्हतं, आणि मनोजला तेच सुचलं. "ट्रेनिंगले चालल्या. त्याबी."

"अस्सं," पार्बताबाई म्हणाल्या. त्या उठल्या, दारापाशी गेल्या, आणि त्यांनी माणिकबाईंना फोन लावला. पार्बताबाईंचं फोनवरचं बोलणं फोन नसला तरी अमरावतीला ऐकू गेलं असतं. "माणिक! बुडालो वं आपन! तुया पोट्टा हापिसातली बाई घेऊन सुरतले चालला! तिच्या हातच्या पुऱ्या खाऊन राहिला! बिचारी सून आखाडाची माहेरी, अन् हा...!"

सगळा डबा कान देऊन ऐकत होता. समोरच्या बाकावरचे एक काका हळहळले, "पोरगं चांगल्या घरचं दिसते बा." त्यांच्या बायकोने मनोजला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, की चांगल्याच घरची जास्त बिघडतात. एकाने करिश्माला विचारलं, "बाई, तुमाले माहीत हाय ना, यायचं लगन झालं म्हनून?"

"हव," करिश्मा म्हणाली, "मी होती तिथं." आणि तिला ते सहन होईना. नवऱ्याला चारचौघांत बदफैली म्हटलेलं ऐकून घेणं तिला जमेना. ती उठली, दारापर्यंत गेली आणि स्कार्फ ओढून काढला. "आत्याबाई, मी करिश्मा हाव. तुमचीच सून."

पार्बताबाईंचा चेहरा घटकाभर फुलला. "माय वं! तू व्हय!" आणि लगेच, उघड्या तारेला हात लागावा तसा त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. आत्यासासू झाली तरी सासूच. "अरे मनोज! दुसरी बाई असती तं एक डाव समजावलं असतं, माफ केलं असतं. पन भर आखाडात स्वोताची बायको? कुठी फेडशीन रे हे?"

डब्यातलं जनमतही उलटलं. आतापर्यंत बिघडलेल्या मुलाची कीव करणारे काका म्हणाले, "हे मात्र चुकलं बा तुमचं."

पार्बताबाईंनी दोघांना शेगावला उतरवलं. तोवर तिकडे पुढचा घोटाळा होऊन गेला होता. माणिकबाईंनी पहिला फोन ऐकला आणि पार्बताबाईंचा दुसरा, खुलाशाचा, उचललाच नाही, कारण त्या अकोल्याला विहीणबाईंची फोनवर माफी मागत होत्या. ते ऐकून ज्योत्स्नाबाईंनी मुलीला धीर द्यायला तिचा फोन लावला. गाडीत रेंज नव्हती. त्यांनी सीमाला गाठलं, तर मुंबईला परीक्षेला गेलेली सीमा घरी कपडे वाळत घालत होती. मग सीमाने खरं सांगून टाकलं, पार्बताबाईंचा शेगावहून तिसरा फोन लागला, आणि दोन्ही घरांनी गाड्या काढून शेगाव गाठलं.

स्टेशनबाहेरच्या एका कचोरीच्या हॉटेलात संध्याकाळी दोन्ही घरं जमली, आणि असा खटला त्या हॉटेलाने कधी पाहिला नसेल. माणिकबाईंना सुनेचं तोंड पाहायचं नव्हतं, म्हणून त्या भावफलकाकडे तोंड करून बसल्या. ज्योत्स्नाबाईंना जावयाचं पाहायचं नव्हतं, म्हणून त्या समोरच्या भिंतीकडे वळल्या. तिथे नेमका मोठा आरसा, आणि आरशात सगळ्यात ठळक जावई. त्यांनी डोळे मिटून घेतले. पार्बताबाईंनी पदर सोडला नव्हता. कचोरी त्या पदराच्या आत नेऊन खात होत्या. मध्ये आरोपी दोघे, एकाच छपराखाली, एकमेकांकडे बघत. ती बंदी मोडायची बाकी राहिली नव्हती.

"आमी लहानाचा मोठा केला तो याच्यासाठी काय?" माणिकबाईंनी भावफलकाला विचारलं.

"विहीनबाई, तुमचं नाई, आमच्याच पोरीचं चुकलं," ज्योत्स्नाबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"चूक मायी हाय," मनोज म्हणाला. तो आजवर घरात असं कधी बोलला नव्हता. "आई, या पोरीसंग मी अजून दहा वाक्यं नाई बोललो. मले तिच्यासंग बोलायचं हाय. बाकी काई नाई. तुमी म्हनसान तं परत फिरतो, पन मंग घरी दुसरा कूलर घ्या."

कोणी हसलं नाही. करिश्माने मात्र मान खाली घातली, आणि तिचे डोळे भरून आले.

केशवराव इतका वेळ कचोरी संपवत होते. त्यांनी हात पुसला. "मनोज, तिथं या महिन्यात पाऊस नसते म्हनला ना तू?"

"एक थेंब नाई बाबा."

मनोजने शाकीबला फोन लावला, आवाज मोठा केला. "काकू," शाकीब तिकडून शपथेवर म्हणाला, "जुलैमधी तिथं पाऊस म्हंजे सवालच नाई. सुक्कं खडखडीत!"

"मंग झालं तं," केशवराव म्हणाले. "महिना काय कागदावर असते? महिना पाऊस ठरवते. बागंतलं झाड कॅलेंडर पाहून फुलत नाई. जिथं मिरीग बरसत नाई, तिथं आखाड लागन कुठून?"

माणिकबाई बराच वेळ भावफलक वाचत राहिल्या. आखाड आभाळात असतं हे त्यांचंच म्हणणं होतं, आणि तिकडचं आभाळ कोरडं निघालं होतं. "जा मंग," त्या शेवटी म्हणाल्या. "पन पाऊस आला, तं आखाड लागलं समजायचं. मंग एका छपराखाली राह्यचं नाई. हे मले सुनेनं सांगावं, पोट्ट्यावर माया भरोसा नाई."

"आई, मी शब्द देते," करिश्मा त्यांच्या पाठीला म्हणाली, आणि त्या पाठीला वाकून नमस्कार केला. हॉटेलवाल्याने सगळ्यांना चहा दिला, आणि पुढच्या मुंबईच्या गाडीत दोघांना बसवून देण्यात आलं.

अशा रीतीने मनोज निंभोरकर बालीला पोचला. समुद्र निळा होता, वाळू पांढरी होती, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पहिल्या दिवशी दोघे पाण्यात पाय बुडवून उभे राहिले, आणि लाट आली की करिश्मा किंचाळून त्याचा हात धरायची. लाटा थांबू नयेत असं मनोजला वाटत होतं. संध्याकाळी त्याने छाती फुगवून सांगितलं, पाऊस नसलेली जागा शोधायला आपण किती डोकं लावलं ते.

"पाऊस नको म्हनून?" करिश्माने डोळे मोठे केले. "मले तं पाऊसच पाह्यचा होता. समुद्रावरचा. ऊनच पाह्यचं होतं तं अकोला काय वाईट होतं?"

मनोजला एकदम समजलं, की सगळ्या जगाला विचारलं, शाकीबला विचारलं, फक्त हिला विचारलं नाही. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला खिडकीवर टपटप ऐकू आलं. त्याने डोळे उघडले. बाहेर नारळ वाकले होते, समुद्र दिसेनासा झाला होता, आणि धो धो पाऊस कोसळत होता. अंगणात करिश्मा चिंब भिजून गोल गोल फिरत होती, तोंड वर करून हसत होती. इतकी सुंदर बायको आपली आहे यावर त्याचा विश्वास बसेना. तो धावत बाहेर आला, आणि मग त्याला तिच्या हातातला मोबाइल दिसला.

"पाठवू नको!" तो ओरडला.

"घरच्या ग्रुपवर टाकला," ती आनंदाने म्हणाली. "पाहा ना, अस्सल आपल्यावानी पाऊस..." आणि मग तिलाही आठवलं. तिने तोंडावर हात ठेवला.

अमरावतीहून माणिकबाईंचा आवाज लगेच आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "मनोज, पाहिला पाऊस. आखाड लागलं. तू बाहेर."

हॉटेलात दुसरी खोली शिल्लक नव्हती. (मनोजने विचारलं होतं. काउंटरवरच्या मुलीने हनिमूनच्या बुकिंगकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि नम्रपणे सॉरी म्हटलं.) तेव्हा तो खिडकीबाहेर, अंगणातल्या मोठ्या छत्रीखालच्या वेताच्या खुर्चीवर बसला, आणि करिश्मा आतून खिडकीपाशी. शब्द दिलेला होता. पण खिडकीबद्दल शब्दात काही नव्हतं. पाऊस पडत राहिला आणि दोघे गजांमधून बोलत राहिले. तिला लहानपणी पोहायला शिकायचं होतं, त्याला नोकरी सोडून वडिलांच्या बागेत जायचं होतं, बारशात तो किती जेवत होता हे तिने मोजलं होतं. मनोजला इतकं सुख कधीच झालं नव्हतं. पाऊस जरा कमी झाला, तसा त्याने आशेने ग्रुपवर विचारलं, आता आत जाऊ काय?

उत्तर केशवरावांनी दिलं. "घाई करू नको. झाडाले ताण बसू दे."

त्या मेसेजला सगळ्यात आधी अंगठा आला तो करिश्माचा, खिडकीच्या आतून.